पेंढ्याचं पाडस

शेणव्याच्या पाड्यावरचा यमाजी मेलेली वासरं भरायचा. ज्यांनी कधी म्हैस पाळली नाही त्यांना हे जरा सांगायलाच हवं. पारडू मेलं की म्हैस आटते, कासेला हात लावू देत नाही, लाथ झाडते. मग यमाजीला बोलावणं जायचं. तो पारडाचं कातडं सोडवायचा, मीठ, हळद आणि राख चोळून सावलीत वाळवायचा, आत भाताचा पेंढा ठासून सुतळीने शिवायचा आणि ते पेंढ्याचं पारडू म्हशीपुढे नेऊन ठेवायचा. म्हैस हुंगायची, चाटायची आणि पान्हा सोडायची. एरवी मेल्या ढोराला हात लावणारा म्हणून गाव यमाजीला अंगणाबाहेर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतायचा. म्हैस आटली की मात्र तोच गाव त्याला हाताला धरून गोठ्यात न्यायचा. गावाचा विटाळ असा सोयीचा असतो.

यमाजीच्या हाताला यश होतं. त्याने भरलेलं पारडू कुठल्याही म्हशीने कधी नाकारलं नाही. पण यशच त्याच्या मुळावर आलं, असं पाड्यावर सगळे म्हणत. त्याला आणि जिवलीला दोन लेकरं झाली, आणि दोन्ही गेली. दुसरं गेलं त्या दिवशी म्हातारी धोंडीबाई दारात येऊन सगळ्यांदेखत बोलली, "आयांना फसवतंस तू, यमाजी. मुक्या झाल्या म्हनून काय झालं? त्यांचा तळतळाट लागतोय तुज्या घराला."

 यमाजीलाही आतून तसंच वाटत होतं. पारडू चाटणाऱ्या म्हशीच्या डोळ्यांकडे त्याने कधी धड बघितलं नव्हतं.

अठ्ठावन्न साली जिवलीला पुन्हा दिवस गेले. गौरी गेल्या त्या दिवशी तिने यमाजीचा हात आपल्या पोटावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "शपत घ्या. ह्याच्या म्होरं कुठल्या आयला फसवनार नाय." यमाजीने शपथ घेतली आणि ती पाळली. एक गवळी तर येऊन पाया पडला, तरी तो हलला नाही. गवत कापलं, दोर वळले, अर्धपोटी राहिला. जिवलीला पाचवा लागला. मार्गशीर्ष आला, खळी झाली, पाड्यावर नव्या पेंढ्याचा वास सुटला, आणि यमाजीचे हात शिवशिवत राहिले.

अशात एका सकाळी मुरबाडच्या अनंतशेट ठेकेदाराची लाकडाची लॉरी पाड्याशी येऊन थांबली. ड्रायव्हर बारकू खाली उतरला.

"यमाजी, चल. शेटच्या घरी भेकराचं पाडस मेलंय. भरायचंय."

"मी सोडलंय त्ये."

"अरं, म्हशीम्होरं नाय ठेवायचं. दिवाणखान्यात ठेवायचं. शोभेला."

यमाजीने जिवलीकडे पाहिलं. जिवली सूप हातात घेऊन दारात उभी होती. तिने नीट चौकशी केली. "पाडसाची आय हाय का कुठं?"

"झाड पाडलं तवाच पळाली ती. सा म्हयने झालं. परत कुठली येतेय?"

"शोभंचंच हाय ना नक्की?"

"शोभंचंच. पाठीवर पानाचं तबक ठेवनार हायत."

जिवलीने थोडा विचार केला. मग म्हणाली, "आयच नाय तर फसवायचं कुनाला? जावा." यमाजी पेंढ्याच्या दोन पेंड्या काखेत मारून लॉरीत चढलासुद्धा.

त्या दिवशी धुकं असं होतं की किन्हवली कधी आली, सरळगाव कधी गेलं, काही कळलं नाही. रस्त्याकडेची झाडं एकेक करून येत होती, बघत होती आणि मागे सरत होती. यमाजीला वाटलं, आपण कुठे चाललोच नाही, लॉरी एका जागी घरघरतेय आणि सगळा मुलूखच आपल्याजवळून चाललाय. मुरबाडला शेटच्या दारात उतरला तेव्हाही त्याचे पाय जमिनीला नीट लागले नव्हते.

आणि मग त्याने तो दिवाणखाना पाहिला.

अनंतशेटांना हौस दांडगी, आणि हौसेला मोल नसतं. कसाऱ्याच्या घाटातला एक साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान शेटांनी उचललं होतं. दाराशी एक अस्वल मागच्या पायांवर उभं होतं आणि पुढच्या पंजांत पितळी ताट धरून होतं, पाहुण्यांच्या टोप्यांसाठी. कोपऱ्यात बुटक्या मेजाशी दोन खारी खुर्च्यांवर बसून नखाएवढ्या पत्त्यांनी खेळत होत्या. एका घुबडाच्या पोटात घड्याळ होतं. सांबराच्या चार पायांवर दिवा. माकडाच्या हातात छत्री, आणि तीसुद्धा उघडलेली. शहाण्या माणसाने हसावं की रडावं? शेट मात्र प्रत्येक पाहुण्याला हात धरून ही जत्रा दाखवायचे आणि पाहुणे "वा वा" करत अस्वलाच्या ताटातली टोपी उचलून लवकर निघायचे.

"हे बघ," शेट म्हणाले, "पुढच्या शनिवारी जंगलखात्याचे साहेब येणार. तोवर पाडस उभं राहिलं पाहिजे. मान वर, कान टवकारलेले. पाठीवर हे तबक." मग आवाज उतरवून म्हणाले, "आमच्या हिचा फार जीव होता त्याच्यावर. डोळ्यांपुढे राहिलं तर हिचंही मन रमेल."

शेट वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळ्या गोष्टींना काहीतरी धरायला द्यायची सवय होती.

इतक्यात ताराबाई आल्या. शेटांचं कुटुंब. पस्तिशीच्या, लग्नाला पंधरा वर्षं झालेली, घरात पाळणा हललेला नाही. आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पाडस त्यांनी छातीशी धरलं होतं. शेट यमाजीला अरे-तुरे करत, ताराबाई अहो-जाहो करत. पाडस त्याच्या हातांत देताना त्या म्हणाल्या, "हळू धरा हं. चिमीला मानेपाशी गुदगुल्या होतात."

होतात, म्हणाल्या. होत होत्या, असं नाही.

मागीलदारी यमाजी कातडं सोडवत बसला तेव्हा भांडी घासणाऱ्या मंगळीने त्याला उरलेलं सांगितलं. जंगलतोडीवरच्या माणसांनी हे पाडस आणलं तेव्हा ते मुठीएवढं होतं. बाईंनी त्याला बोंडल्याने दूध पाजलं, तान्ह्या पोराला पाजतात तसं. ते त्यांच्या पदरावर झोपायचं. आता मेलं तर बाईंच्या डोळ्यांतून टिपूस नाही. अन्न तोंडात घेतात आणि तसंच धरून बसतात. "बोंडलं रोज सकाळी धुतात नि उन्हात ठेवतात," मंगळी म्हणाली. "मला तर भ्याव वाटतं बग."

म्हणजे आई होती. जंगलात पळून गेलेली नव्हे, ही समोरची, काठापदराची. आणि जिवलीच्या पोटावर हात ठेवून शपथ घेतलेला माणूस तिच्या लेकराचं कातडं मांडीवर घेऊन बसला होता.

पळून जावं असं यमाजीला वाटलं. पण लॉरी परत तोडीवर गेली होती आणि कातडं सोडवलेलं जनावर अर्ध्यावर टाकणं त्याच्याने झालं नाही. त्याने मीठ चोळलं, हळद लावली, राख लावली आणि कातडं वखारीच्या सावलीत पसरलं. वाळायला पाच-सहा दिवस लागणार होते. तोवर शेटांनी त्याला दिवाणखान्यातल्या डागडुजीला बसवलं. अस्वलाची मांडी उसवली होती आणि पावसाळ्यात माकडाला बुरशी आली होती.

त्या घरातल्या दुपारी विचित्र होत्या. खिडक्यांना हिरव्या काचा होत्या, त्यातून ऊन आत यायचं ते डोहाच्या तळाशी पोहोचतं तसं यायचं, मंद आणि हलतं. घुबडाच्या पोटातलं घड्याळ टिकटिकायचं. खारींचा डाव तीस वर्षं त्याच पत्त्यावर अडला होता. यमाजी अस्वलाच्या पायाशी बसून टाके घालायचा आणि त्याला सारखं वाटायचं, यातलं कुणीच कुणाकडे बघत नाही. त्याने भरलेल्या पारडाला डोळे नसत, पण त्याचं तोंड कुणाकडे तरी असे. इथे इतके काचेचे डोळे, आणि नजर कुणावरच नाही. कुणासाठी केलं असेल हे सगळं?

चौथ्या दिवशी टाका घालता घालता त्याचा डोळा लागला. त्याला दिसलं की दिवाणखान्याचं दार उघडलंय, बाहेरचं धुकं आत आलंय आणि धुक्यातून आया येताहेत. आधी अस्वलीण आली, जमीन हुंगत. तिने ताट धरलेल्या लेकराला पायापासून कानापर्यंत हुंगलं, आणि तिला बिचारीला ते ताट काही उमगेना. मग खारीण आली, टुणकन मेजावर चढली, दोघींचे पत्ते पाहिले. माकडीण आली आणि उघड्या छत्रीखाली थोडा वेळ बसली. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळ्या अगदी शिस्तीत आपापलं लेकरू हुंगून पुढे जात होत्या. आणि रांगेच्या शेवटी जिवली उभी होती. डोक्यावर पदर, हात पुढे बांधलेले. तिची पाळी आली तेव्हा तिने मेजावर बघितलं, भिंतीवर बघितलं, खाली वाकून बघितलं. तिच्यासाठी त्या एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात काहीच ठेवलेलं नव्हतं. ती यमाजीला म्हणाली, "आमचं कुठं हाय?"

तो जागा झाला तेव्हा समोर ताराबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"झाली का चिमी?" त्यांनी विचारलं.

"दोन दिस लागतील, बाय," यमाजी कसाबसा म्हणाला.  त्याच क्षणी त्याने ठरवलं की या बाईला फसवायचं नाही. काम करायचं, पण असं करायचं की आंधळ्यालाही ते पाडस वाटू नये.

आता चांगलं काम येत असताना मुद्दाम वाईट काम करणं हे फार जड असतं. ज्याच्या हातांत कला नाही त्याला ते कळायचं नाही. यमाजीचे हात सवयीने मानेला बाक द्यायला जायचे, तो मान वाकडी करायचा. हात शिवण पोटाखाली लपवायला जायचे, तो तीच शिवण जाड सुतळीने बरोबर छातीवरून मानेपर्यंत आणायचा. शेटांनी दिलेले काचेचे डोळे त्याने बसवलेच नाहीत, पापण्या शिवून टाकल्या. पाय आत भरलेच नाहीत, ते नुसते लोंबत ठेवले. गळ्यापाशी आणि पोटापाशी मूठ मूठ पेंढा बाहेर काढून ठेवला. काम संपलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली आणि मनातून सुटल्यासारखंही वाटलं.

शुक्रवारी दुपारी त्याने ते दिवाणखान्यात आणून ठेवलं. शेट हातात तबक घेऊन तयारच होते.

"हे काय?" शेट ओरडले. "अरे, हे पाडस आहे की गाढवाचं खोगीर? करायला सांगितला गणपती आणि केलास मारुती! उभंसुद्धा राहत नाही! उद्या साहेब येणार, त्यांना काय हे दाखवू? सगळ्या तालुक्यात म्हणे तुझ्यासारखा हात नाही!"

आवाज ऐकून ताराबाई स्वयंपाकघरातून आल्या. हात ओले होते. त्या दारातच थांबल्या आणि जमिनीवरच्या त्या बेढब वस्तूकडे पाहू लागल्या. यमाजी शेटांना विसरला आणि धावत पुढे झाला.

"बाय, ही चिमी नाय," तो म्हणाला. "ह्यो पेंढा हाय. बगा, नीट बगा, नुस्ता पेंढा." आणि त्याने पोटातून मूठभर पेंढा ओढून त्यांच्यापुढे धरला. "मी तुमाला फसवनार नाय. मला पाप नको. माजी बायको गरवार हाय."

ताराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नाहीत. उलट लहान मुलाला समजावावं तशा सुरात म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, यमाजी. मीच तर तिला तुमच्या हातात दिली. गार पडली होती ती. माझ्याशिवाय कुणाला जास्त ठाऊक असणार?"

मग त्या फरशीवर खाली बसल्या. लोंबते पाय गोळा करून त्यांनी ते पेंढ्याचं पाडस मांडीवर घेतलं. मानेपाशी, जिथे जाड सुतळी होती तिथे, बोट फिरवलं. पेंढ्याची एक काडी टोचली तशी ती उपसून बाजूला ठेवली, आणि पुन्हा बोट फिरवलं. आणि मग त्यांना रडू फुटलं. आठ दिवसांचं की पंधरा वर्षांचं, देव जाणे. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, गावंढळ बायकांसारखं त्या रडल्या. मंगळी मागीलदारातून धावत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

शेटांना काय करावं कळेना. त्यांनी तबक अस्वलाच्या ताटात ठेवलं, धोतर सावरलं आणि ते बायकोशेजारी फरशीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनीही एक हात त्या पेंढ्यावर ठेवला.

"बाय," यमाजीने भीतभीत विचारलं, "पेंढा हाय म्हायती हाय, तर मंग..."

"हाताला काहीतरी लागावं लागतं हो," ताराबाई म्हणाल्या. "नुसत्या हवेवर डोकं टेकून कसं रडणार?"

यमाजी मूठभर पेंढा हातात धरून तसाच उभा राहिला. आणि त्याला म्हशी आठवल्या. शेकडो वेळा पाहिलेलं, आणि शेकडो वेळा न पाहिलेलं. त्याने केलेलं पारडू म्हशीपुढे ठेवलं की ती चाटायची, पान्हा सोडायची, खाली धार वाजायची, आणि मग ती सावकाश तोंड खाली घालून शिवणीतून पेंढा ओढायची. आपल्याच लेकराच्या पोटातला पेंढा. तो चघळायची. चघळता चघळता दूध द्यायची. दर आठवड्याला यमाजी गोठ्यात जाऊन पारडाचं रिकामं झालेलं पोट पुन्हा भरायचा आणि हसून म्हणायचा, मुकं जनावर, अक्कल कुठली त्याला. अरे, जी आई लेकराच्या पोटातला पेंढा खाते तिला ते लेकरू नाही हे कळत नसेल? सगळ्यांना कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्यांनी चाटलं ते चाटायचं होतं म्हणून, आणि पान्हा फुटला तो फुटायचाच होता म्हणून. तो कुणालाच फसवत नव्हता. कुणीच त्याला शाप दिला नव्हता.

संध्याकाळची लॉरी त्याने पळत गाठली. सबंध वाटेत तो मधूनमधून एकटाच हसत होता. धुकं नव्हतं. काळू नदीचं पाणी, खळ्यांवर रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या, घरी परतणारी गुरं, सगळं लख्ख आणि जागच्या जागी दिसत होतं.

जिवली अंगणात तांदूळ निवडत बसली होती. त्याचा चेहरा पाहून तिने सूप बाजूला ठेवलं.

"काय झालं?"

यमाजीने सगळं सांगितलं. अस्वलाचं ताट सांगितलं, ताराबाईंची मांडी सांगितली, पेंढा चघळणाऱ्या म्हशी सांगितल्या. बोलताना तो इतका घाई करत होता की त्याला दोनदा ठसका लागला. "त्यांना म्हायती असतं, जिवले," तो म्हणाला. "सगळ्या आयांना म्हायती असतं. कोन फसत नाय. मंग तळतळाट कसला? धोंडीबाय उगाच बोलली. आपल्याला कुनाचा शाप नाय!"

जिवली त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा खुलेल म्हणून यमाजी वाट पाहत होता.  पण तिने हळूच विचारलं, "मंग आपली पोरं कशानं गेली?"

यमाजीचं हसू जागच्या जागी राहिलं. मुरबाडपासून शेणव्यापर्यंत हा प्रश्न त्याला शिवलाही नव्हता. शाप होता तोवर निदान काहीतरी होतं. जड होतं, पण हातात धरता येत होतं. आता हात रिकामे झाले होते.

"मला ठावं नाय, गो," तो म्हणाला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"पैल्याला ताप होता," जिवली म्हणाली.

"हां. तीन दिस."

"पोरीला तर तापबी नव्हता. सकाळी हसली होती ती."

"मला बगून हसली होती," यमाजी म्हणाला.

लेकरं गेल्यापासून ती दोघं शापाबद्दल खूप बोलली होती, लेकरांबद्दल एकदाही नाही. जिवली रडायला लागली. यमाजीने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तिच्या केसांना तुसाचा वास येत होता.

"बारसं नाय झालं तिचं," जिवली म्हणाली. "नावाबिगर गेली."

"मी ठेवलं व्हतं," यमाजी म्हणाला. "कुनाला बोललो नाय. मनातल्या मनात हाक मारायचो."

"काय?"

"गंगी," यमाजी म्हणाला, आणि त्या पोरीला तिच्या आईसमोर पहिल्यांदा मोठ्याने हाक मारली.